किती येऊन राहिलंय?

कितीताईंना कुणी ‘लाईट आहे का?’ असं विचारलं, की त्या उत्तरच देत नसत. ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्यानं आपलं काम करत राहायच्या. विचारणारा साहेब असो की चहावाला, सगळ्यांना एकच न्याय. माणूस घसा खाकरून पुन्हा विचारायचा, तेव्हा कुठं त्या मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "हाय का न्हाई, हे काय विचारणं झालं? किती हाय ते विचार ना." मग भिंतीवरच्या व्होल्टमीटरकडं बोट दाखवायच्या. त्यांचं हे बोलणं अंगवळणी पडल्यावर सगळी कचेरी त्यांना कितीताईच म्हणू लागली. खरं नाव हजेरीपुरतं उरलं. त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली, पण उन्हाळ्यात पंखा जरा मंदावला की माझ्या मानेशी कुणीतरी हळूच विचारतं, ‘किती येऊन राहिलंय?’ मी वळून बघते. दरवेळी बघते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, पाट्यांचा रंग वाळायचा होता, बदलून आलेले साहेब लोक कुलूप लावायला खोल्या शोधत फिरत होते. सगळं नव्या जिल्ह्याकडं आलं, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं आम्ही म्हणायचो. पुढं कळलं, तो तिकडंही नव्हता. त्या दुष्काळात टँकरची कामं पाहणाऱ्या एका कचेरीला संगणक मिळाला, आणि तो चालवायला नागनाथला आणि मला घेतलं. नागनाथ लातूरचाच, माझ्या वयाचा, हुशार आणि तितकाच उतावळा. मी निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, टंकलेखन शिकून आलेली. मशीन आलं त्या दिवशी नारळ फुटला, शिपायानं भक्तिभावानं फ्लॉपीच्या फटीत हळदकुंकू वाहिलं, आणि ते बाहेर काढण्यात ताईंचा पहिला दिवस गेला.

ताई भोकरकडच्या, मशीन सांभाळायला नेमलेल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या, नांदेडला काही वर्षं शिकवून आलेल्या. अंगावर फिकट सुती साडी, अंबाड्यात खोचलेला टेस्टर, चाल अशी की पोलीस वाट देतील. नम्रपणा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. "या जिल्ह्यात करंटातलं माझ्यापेक्षा जास्त एकालाच कळतं," त्या म्हणायच्या आणि खिडकीतून तारेवरच्या कावळ्याकडं बोट करायच्या. "त्याला, कारण तो येका टायमाला येकाच तारेवर बसतो. तुम्ही साहेब लोक दोन्हीवर बसायला बघता." हे त्या साहेबांसमोर म्हणाल्या होत्या. साहेब हसले, पण दात दिसतील इतपतच.

आमचं काम साधं होतं. गावाचा टँकरचा अर्ज ज्या क्रमानं आला त्या क्रमानं मशीनमध्ये भरायचा, आणि रोज सकाळी पाळी छापून द्यायची. आधी ही पाळी फोनवर ठरायची. ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी पहिलं. मशीन कुणाचा चहा पीत नव्हतं आणि कुणाचा पाहुणाही नव्हतं. त्यामुळं ते चालू असलं की लहान वस्त्यांना त्यांच्या पाळीनं पाणी मिळायचं, आणि बंद पडलं की काही लोकांना बरं वाटायचं. बंद पडायला कारण रोज तयारच असे. गावोगाव बोअरच्या मोटारी खोल गेलेल्या पाण्यामागं दिवसभर घरघरत होत्या आणि त्या घरघरीत विजेचा दाब घसरत जायचा. दोनशेतीस व्होल्टच्या जागी सकाळी एकशेऐंशी, दुपारी दीडशे. मध्येच मोटारी थांबल्या की एकदम अडीचशेच्या वर.

"दाब कमी झाला की मशीन गप बसंल असं वाटतं ना?" ताईंनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "तसं न्हाई. त्याला काम तेवढंच करायचं असतं, म्हणून ते उलट जास्त करंट ओढतं. हापशाचं पाणी खाली गेलं की बाया काय करतात? सोडून देतात का? जास्त जोरात हापसतात. मग काय व्हतं? दांडा मोडतो." यावर उपाय म्हणजे जितका दाब तितकंच काम. दाब उतरला की मशीननं आपली ओढ पायरीपायरीनं कमी करायची. हे त्याला आपोआप कळावं म्हणून ताईंनी स्वतःच्या हातानं एक पेटी बनवली होती. पत्र्याच्या डब्यात काही रिले, म्हणजे आपोआप पडणारे खटके, एक तापणारा ट्रान्सफॉर्मर आणि वर एक लाल दिवा. दाब एका पायरीनं उतरला की आतून ‘टक’ आवाज व्हायचा आणि प्रिंटर बंद पडायचा. आणखी उतरला की दुसरी टक, आणि स्क्रीन काळी व्हायची. पण आत मशीन चालूच असायचं, अर्धवट राहिलेलं काम डिस्कवर लिहून घ्यायचं. अगदीच तळ लागला की तिसरी टक. मग सगळं बंद. दाब फार चढला तरी तेच.

त्या पेटीचं नाव होतं बंडू. नाव ताईंनीच ठेवलेलं. "बंडू, किती रे?" असं विचारत त्या खोलीत शिरायच्या. आम्हाला आयतंच सापडलं. टक वाजली की नागनाथ ओरडायचा, "ताई, बंडू रुसला!" दोन वाजल्या की, "ताई, बंडूनं डोळं झाकलं!" ताई हसायच्या. पण तिसरी टक वाजलेली त्यांना सहन होत नसे. हातातलं टाकून त्या पेटीजवळ जायच्या आणि पत्र्यावर तळवा ठेवून उभ्या राहायच्या. ट्रान्सफॉर्मर तापला का हे बघत असतील, असं मी तेव्हा समजत होते.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठल्याही बोर्डात वीज आहे का हे बघायला त्या टेस्टर क्वचित वापरायच्या. दोन वायरी लावलेला एक साधा बल्ब त्यांच्या पिशवीत असे. तो टोचायचा, आणि लागला नाही असं दिसलं तरी बाजूला ठेवायचा नाही. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून, वरून पदर ओढून, त्या अंधारात डोळा लावून बघत राहायच्या. कोपऱ्यातल्या देवासमोर कुणी वाकावं तशा. बल्ब पेटला की नाही हे लांबून पोरालाही दिसतं, मग हे सोंग कशाला, असं नागनाथ म्हणायचा. मला हसू यायचं. एकदा त्यांनी मला जवळ ओढून त्या आडोशात बघायला लावलं. उन्हात मेल्यासारखा दिसणारा बल्ब आत उदबत्तीच्या टोकाइतका लाल होता.

पाण्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. कचेरीत साहेबांच्या खोलीबाहेर एक रांजण होता. ताई त्यातलं पाणी कधी घेत नसत, घरून बाटली आणायच्या. कुणी ‘घेऊ नका’ म्हटलं नव्हतं, पण त्या बौद्ध आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या रांजणाकडं वळल्या की शिपायाला एकाएकी काम आठवायचं. ऐन वैशाखात रांजण दोन दिवस कोरडा राहिला. बाहेर टँकरचा हिशेब करणारे आम्ही आत घसा कोरडा घेऊन बसलो होतो. तेव्हा ताईंनी बाटली टेबलावर ठेवली. आधी मी प्याले, मग नागनाथ, मग कारकून, शेवटी शिपाई. पिऊन त्यानं बाटली सदऱ्याला पुसून परत केली. ताई म्हणाल्या, "बघ माय, दाब पडला की सगळ्यात आधी नखरे ट्रिप व्हतात." मी हसले, पण माझ्या घरची पितळी घागर डोळ्यांपुढं आली आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

आता लाल बटणाची गोष्ट. त्या काळच्या संगणकाच्या पाठीमागं एक छोटं लाल बटण असायचं. एकीकडं लिहिलेलं दोनशेतीस, दुसरीकडं एकशेपंधरा. ज्या देशात वीजच कमी दाबाची असते तिथल्यासाठी ते दुसरं टोक. आपल्याकडं त्याला हात लावायचं कारण नव्हतं. पण नागनाथनं एका दुपारी दाब एकशेतीसवर उतरून बंडूनं सगळं बंद केल्यावर ते बटण हेरलं, पलीकडं सरकवलं, मशीन थेट भिंतीला जोडलं, आणि ते चक्क चालू झालं. "बगा! आपल्याकडं एकशेतीसच येलालंय, तर मशीनला सांगायचं, बाबा रं, तू एकशेपंधराच्या मुलकातला हाईस. हाय काय त्यात?" दोनशेतीस हे आपल्यासाठी नाहीच, अशी आम्हा मराठवाड्यातल्या लोकांची समजूत इतकी पक्की होती की आम्हाला ते पटलं. मी टाळी वाजवली. तेवढ्यात ताई आल्या. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीतून प्लग उपटला, बटण जागेवर आणलं आणि त्यावर चिकटपट्टी लावायला घेतली. नागनाथला त्यांनी चहा सांगायला पाठवलं आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"बंडू माझा भाऊ व्हता," त्या म्हणाल्या. "पाठचा."

गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. गावाकडं त्यांच्या विहिरीवर मोटार होती, उन्हाळ्यात तिला दाब पुरत नसे. अशाच एका दुपारी ती अडकली. बंडू विहिरीत उतरला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. ताई तेव्हा डिप्लोमाच्या सुट्टीत घरी आलेल्या, वर बोर्डाजवळ होत्या. खालून त्यानं विचारलं, "आक्का, लाईट हाय का?" ताईंनी बल्ब टोचला. ऊन मी म्हणत होतं. बल्ब लागला नाही. त्यांनी वरून सांगितलं, "न्हाई."

"थोडी व्हती," ताई मला म्हणाल्या. "बल्ब उजळायला पुरंल येवढी नव्हती. माणसाला पुरंल येवढी व्हती. त्यानं हाय का विचारलं, मी न्हाई म्हणले. त्यानं किती विचारलं असतं, तर मी मीटर लावला असता ना." एवढं बोलून त्यांनी चिकटपट्टीवरून नख फिरवलं. "माझा बंडू आता सोताच विचारतो, किती. कुणाच्या हाय-न्हाईवर त्याचं काम अडत न्हाई. हा येवढा उन्हाळा त्यानं काढला ना, की मी झोपंल बघ."

बाहेर नागनाथ कपबश्या वाजवत येत होता. त्या दिवसापासून ‘बंडू रुसला’ हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आणि टक झाली की, त्या पत्र्याच्या डब्यात कुणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं आहे आणि वर बघून विचारतंय, असं मला दिवसाढवळ्या दिसायचं.

उन्हाळा सरत आला तेव्हा बड्या पाहुण्यांचा दौरा ठरला. नव्या जिल्ह्यात संगणकावर टँकरची पाळी लागते हे त्यांना दाखवायचं होतं. साहेबांना प्रिंटर खडखडताना दिसायला हवा होता. सकाळपासून दाब एकशेपंचावन्नच्या वर जाईना आणि बंडू काही प्रिंटर लावू देईना. ताई म्हणाल्या, "छापील पाळी कालची दाखवा. स्क्रीनवर आजची दाखवू." साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं करा, फुलांचं तबक घेऊन दारात उभ्या राहा. स्वागताला बाई माणूस नाही." पूर्ण जिल्ह्यात त्या मशीनची नाडी ज्यांना कळत होती त्यांच्या हातात झेंडूचं तबक देऊन त्यांना व्हरांड्यात पाठवण्यात आलं. जाताना त्या नागनाथला म्हणाल्या, "बंडूला हात लावू नको." नागनाथनं मानही हलवली. पण साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी तू काहीतरी केलं होतंस म्हणे. कर." साहेबानं ‘कर’ म्हटल्यावर ‘करत नाही’ म्हणायची आमची कुणाची छाती होती?

चिकटपट्टी निघाली. बटण सरकलं. बंडू बाजूला झाला. मशीन चालू झालं, प्रिंटर खडखडू लागला, साहेब खूश झाले. नागनाथ मशीनच्या मागं वाकून कागद नीट लागतोय का बघत होता, त्याचं तोंड पंख्याच्या जाळीपाशी. आणि त्याच वेळी, पाहुण्यांना शहरात वीज भरपूर दिसावी म्हणून, कुणीतरी कुठंतरी शेतीच्या मोटारींची वीज बंद करायला सुरुवात केली होती.

शेजारच्या बोअरची घरघर थांबली. उन्हाळाभर तो आवाज आमच्या कानांत इतका मुरला होता की तो थांबल्यावर खोलीला बहिरेपण आल्यासारखं झालं. नागनाथनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "लाईट गेली का हो?"

व्हरांड्यात तबक आपटल्याचा आवाज झाला. ताई धावत आत आल्या. "उपट! उपट!" असं त्या ओरडत होत्या, आणि आम्ही तिघंही काय उपटायचं ते न कळून त्यांच्याकडं बघत होतो. मीटरचा काटा माझ्यासमोर दोनशे ओलांडून गेला. ताईंनी एका हातानं नागनाथची कॉलर धरून त्याला मागं खेचलं आणि दुसरा हात प्लगकडं टाकला. प्लग सुटायच्या आत मशीन फुटलं. फटाक्यासारखा एकच बार झाला, जाळीतून जाळ आणि धूर आला. नागनाथचं तोंड जिथं होतं तिथं आता ताईंचा हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. खाली बसून त्या नागनाथच्या तोंडावरून दुसरा हात फिरवत राहिल्या, डोळे, नाक, गाल, आणि विचारत राहिल्या, "किती भाजलं? किती रे? बोल ना!" त्याला काहीच झालं नव्हतं. पण तो रडायलाच लागला.

पाहुणे आले, हार घालून घेतले, धुराचा वास आल्यावर लवकर गेले. टँकरची पाळी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फोनवर ठरू लागली. लहान वस्त्यांचं पाणी कुठं गेलं ते वेगळं सांगायला नको.

मग वर काय कळवायचं हा प्रश्न आला. साहेबांनी एक ओळ तयार केली, ‘वीजपुरवठ्याअभावी संगणक नादुरुस्त.’ अभावी म्हणजे वीज नव्हती. यात कुणाचाच दोष नाही, सगळे सुटले. फक्त खाली ताईंची सही हवी होती. त्यांची नेमणूक तात्पुरती होती आणि पुढं कायम होण्याची बोलणी चालली होती, ती साहेबांच्याच हातात. साहेब वाईट नव्हते. अगदी समजुतीनं म्हणाले, "मॅडम, एका शब्दाचा प्रश्न आहे." ताईंचा हात पांढऱ्या पट्ट्यांत होता. त्या म्हणाल्या, "व्हय, येकाच शब्दाचा हाय. लाईट नव्हती असं न्हाई साहेब. लाईट लई व्हती. येकदा मी न्हाई म्हणून बसले. आता म्हणायची न्हाई." साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी दाराशी उभी राहून पदर तोंडात कोंबला. सही झाली नाही. नेमणूकही पुढं गेली नाही.

लेक वाचला म्हणून नागनाथच्या आईनं माहूरच्या रेणुकेचा नवस फेडला होता. तिथला प्रसाद घेऊन तो ताईंना निरोप द्यायला स्टँडवर आला. ताईंनी साखर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "देवीला सांगायचं ना, कॉलर मी वढली म्हणून." तो त्यांच्या पाया पडायला वाकला तर त्यांनी कॉलर पुन्हा धरली आणि सरळ उभं केलं. बंडूची पेटी त्यांनी मांडीवर घेतली होती. मला पिशवीतला तो बल्ब दिला, वायरींसकट. "उन्हात बघायचं असलं की आडोसा करायचा," एवढंच म्हणाल्या. त्या किनवटकडं निघाल्या होत्या, तिकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला. सोबत बंडूची विधवा बायको, शांताबाई. भाऊ गेल्यापासून ताईंनी तिला कधी एकटं ठेवलं नव्हतं आणि स्वतःचं लग्नही केलं नव्हतं. एसटी हलली. त्या वळून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यानंतर आमची भेट क्वचितच झाली. जंगलातली ती शाळा, आणि मी इकडं संसार नि नोकरी करणारी. पुढं संगणक घरोघर झाले. मागचं लाल बटण कधी गेलं ते कळलंही नाही. आता दाब कितीही येवो, मशीन आतल्या आत मोजतं आणि दाब कमी असला तर आपली ओढ कमी करतं. लोक म्हणतात, आपोआप होतं. मला दर मशीनच्या पोटात कुणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं असलेलं दिसतं. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं त्या उन्हाळ्यात एका दुपारी घरी एकटी असताना मला स्पष्ट टक ऐकू आली. घरात रिले नाही, पेटी नाही, फक्त कपाटात तो बल्ब. मी जाऊन कपाट उघडलं आणि मूर्खासारखा त्या न जोडलेल्या बल्बावर आडोसा धरून बघितलं.

त्याच आठवड्यात नागनाथचा फोन आला. त्याचं आता दुरुस्तीचं दुकान आहे. "ताई आजारी हायत. अर्धांग झालंय. शांताबाई म्हणल्या, यायचं असलं तर लवकर या." आम्ही दोघं किनवटला गेलो.

दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, लोखंडी खाट. दार सताड उघडं आणि दुपारचं ऊन थेट ताईंच्या तोंडावर आलेलं. अंग वाळलेलं, डोळे अर्धे मिटलेले. उजव्या हातावर तो जुना भाजल्याचा डाग होता. शांताबाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "काही न्हाई बाई आता. वळख न्हाई, बोलणं न्हाई. डाक्टर बी म्हणले, काही न्हाई. मी बी आता बोलत न्हाई त्यांच्याशी. कुणाशी बोलावं?" कपाळाला हात लावून ती उंबऱ्यात बसली. नागनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मी उठून दार लोटलं. खाटेशी वाकले, दोन्ही तळवे ताईंच्या तोंडाभोवती धरले, वरून पदर ओढला. त्या अंधारात माझा आणि त्यांचा श्वास तेवढा होता. मी कानाशी विचारलं, "ताई, किती येऊन राहिलंय?"

काहीच झालं नाही. मी तशीच राहिले. बल्बाला वेळ द्यायचा असतो, हे त्यांनीच शिकवलं होतं. मग खाटेच्या लोखंडावर त्यांचं नख वाजलं. टक. मी श्वास रोखला. बऱ्याच वेळानं पुन्हा टक. तिसऱ्यासाठी मी कान लावून बसले. तिसरी आली नाही.

मी पदर काढला. नागनाथ वळला होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "दोन," तो म्हणाला. "दोन वाजल्या."

"म्हंजे काय?" शांताबाई उंबऱ्यातून म्हणाली.

"म्हणजे स्क्रीन बंद झालीय," मी म्हणाले, "आत सगळं चालू आहे."

शांताबाईला आमच्या टकांतलं काही ठाऊक नव्हतं. पण विहिरीवर त्या दुपारी ती भाकरी घेऊन आली होती आणि वरून सांगितलेलं ‘न्हाई’ तिनंही ऐकलं होतं. ती उठली. मी बसले होते तिथं खाली बसली, आणि ताईंचा डागाचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"आक्का, आयकू येऊन राहिलं का?" असं म्हणता म्हणता ती अडखळली. मग माझ्यासारखाच पदराचा आडोसा करून, तोंड अगदी जवळ नेऊन तिनं विचारलं, "आक्का, किती आयकू येऊन राहिलंय?"